बर्लिनची भिंत उभी राहिली ती हद्द

भिंत पाहण्यासाठी म्हणून बर्लिनला गेलेल्या प्रवाशाच्या पायाखाली बहुतेक ठिकाणी भिंतीची जुनी जागा दाखवणारी घडीव दगडांची एक दुहेरी ओळ तेवढी येते. ही ओळ डांबरी रस्ता तिरपी ओलांडते, पदपथावर चढते आणि मध्येच काटकोनात वळते. वाटेत बहुतेक जागी नदी नाही की टेकडी नाही. मग ही वळणे कशासाठी? त्याचे उत्तर भिंत उभी राहिली त्या १९६१च्या बरेच मागे, १९२०मध्ये सापडते.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये संमत झालेल्या कायद्याने जुने बर्लिन, त्याला खेटून असलेली सात शहरे, ५९ गावे आणि २७ जमीनदारी क्षेत्रे एकत्र करून बृहद्‌बर्लिन निर्माण केले आणि कारभाराच्या सोयीसाठी त्याचे २० प्रभाग पाडले. त्यांच्या सीमारेषांना नगरपालिकेच्या दप्तराबाहेर फारसा अर्थ नव्हता. पुढे सप्टेंबर १९४४मध्ये, युद्ध चालू असतानाच, मित्रराष्ट्रांनी लंडनमध्ये पराभूत जर्मनीच्या वाटणीचा मसुदा केला, तेव्हा राजधानीसाठी नवी रेघ आखण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी हेच तयार प्रभाग आधाराला घेतले. पूर्वेकडचे आठ सोव्हिएत संघाकडे आले, उरलेले अमेरिका आणि ब्रिटनकडे. फ्रान्सला १९४५मध्ये जे दोन मिळाले, ते ब्रिटनच्या वाट्यातून.

या वाटणीत विद्यापीठही दुभंगले. इरावती कर्वे यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस दाहलेममधील मानववंशशास्त्राच्या संस्थेत संशोधन केले आणि पदवी घेतली ती बर्लिन विद्यापीठाची. युद्धानंतर दाहलेम अमेरिकी विभागात आले, तर विद्यापीठाची उंटर डेन लिंडनवरची मुख्य वास्तू सोव्हिएत विभागात राहिली. तिथल्या राजकीय दडपणाला कंटाळलेल्या विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने १९४८मध्ये दाहलेममध्ये वेगळे ‘मुक्त विद्यापीठ’ उभे राहिले.

त्याच वर्षी पश्चिमेकडच्या विभागांत नवे चलन आले, त्यावरून वाद पेटला आणि सोव्हिएत बाजूने २४ जूनपासून पश्चिम बर्लिनकडे, म्हणजे सोव्हिएत ताब्यातील प्रदेशाने वेढलेल्या या तीन विभागांकडे, येणारे रस्ते, रेल्वे आणि जलमार्ग रोखले. १२ मे १९४९पर्यंत कोळशापासून पिठापर्यंत सारे विमानांतून येत राहिले. नाकेबंदी उठल्यावरही शहराच्या आतली हद्द मात्र उघडीच होती, आणि पूर्व जर्मनीच्या सरकारची खरी अडचण हीच होती. शहरी रेल्वेचे साधे तिकीट काढून माणूस पश्चिमेत पोहोचत असे. १९४९ ते १९६१ या काळात सुमारे २७ लाख लोक देश सोडून गेले, त्यांतले बरेचसे याच वाटेने. ही गळती थांबवण्यासाठी रविवार, १३ ऑगस्ट १९६१ रोजी पहाटे याच हद्दीवर काटेरी तार पसरली गेली आणि पुढे तिच्या जागी भिंत आली.

प्रभागाच्या जुन्या हद्दीचा सर्वांत विचित्र परिणाम बर्नाउअर रस्त्यावर दिसला. तेथे दक्षिणेकडची घरे मिट्टे प्रभागात, म्हणजे पूर्वेत, आणि त्यांच्या दारासमोरचा पदपथ वेडिंगमध्ये, म्हणजे फ्रेंच विभागात होता. उंबरठा ओलांडला की माणूस पश्चिमेत. साहजिकच आधी दारे बंद झाली, मग तळमजल्याच्या खिडक्या विटांनी बुजवल्या गेल्या. लोक वरच्या मजल्यांवरून उड्या टाकू लागले आणि खाली पश्चिम बर्लिनचे अग्निशामक दल कापड ताणून धरू लागले. काहींचा नेम चुकला आणि ते दगावले. पुढे रहिवाशांना हलवून घरे पाडली गेली, पण तळमजल्याचा दर्शनी भाग तसाच ठेवला, कारण तोच भिंतीचे काम करत होता.

याच रस्त्यावरचे १८९४चे ‘समेटाचे चर्च’ मृत्युपट्ट्यात, म्हणजे भिंतीलगतच्या पहाऱ्याच्या मोकळ्या पट्ट्यात, अडकले. त्याचे बहुतेक भाविक वेडिंगमध्ये राहत, त्यामुळे हाकेच्या अंतरावरचे चर्च त्यांना दुरावले. जानेवारी १९८५मध्ये ते सुरुंग लावून पाडण्यात आले. भिंत ९ नोव्हेंबर १९८९ रोजी खुली झाली आणि २००० साली जुन्या जागेवर छोटे प्रार्थनास्थळ बांधले गेले. त्याच्या धोपटलेल्या मातीच्या भिंतींत जुन्या चर्चच्या विटांचे तुकडे उघड दिसतात. बाहेर, पूर्वी पहारा असे तिथे, राय धान्याचे शेत आहे. पुढच्याच वर्षी बर्लिनने प्रभागांची फेररचना केली आणि वेडिंग मिट्टेत विलीन झाले. त्यामुळे या प्रार्थनास्थळासमोरचा पदपथ आणि त्यामागची जमीन आता एकाच प्रभागात मोडतात.