हॅरोगेटजवळची तळी : कुंपणापासून पायवाटेपर्यंत

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये हॅरोगेट नावाचे गाव आहे. तिथे हवापालटाला गेलेला माणूस एक दिवस गावातल्या बागा आणि जुना तुर्की हमाम यांच्यासाठी ठेवतो, दुसऱ्या दिवशी पश्चिमेला वॉशबर्न नदीच्या खोऱ्यात जातो. तिथे एकाखाली एक असे चार जलाशय आहेत. सर्वांत वर थ्रसक्रॉस, मग फ्यूस्टन, स्विन्स्टी आणि शेवटी लिंडली वुड. फ्यूस्टन आणि स्विन्स्टी अगदी लागून असल्याने दोन्ही तळ्यांना वळसा घालायला अर्धा दिवस पुरतो. काठाने चालणारी कुटुंबे, गळ टाकून बसलेली माणसे, बांधावर टेकून पाणी पाहणारे म्हातारे हे सगळे इतके सहज दिसते की तळी मुळात याचसाठी बांधली असावीत, असाच समज होतो. प्रत्यक्षात ती हॅरोगेटसाठी बांधलेलीच नव्हती, आणि बांधल्यानंतर कित्येक दशके लोकांना पाण्यापासून शक्य तितके लांब ठेवणे हेच ती राखणाऱ्यांचे धोरण होते.

हॅरोगेटची कथा 1571 पासून सुरू होते. विल्यम स्लिंग्जबी या गृहस्थांना तिथल्या ट्यूइट विहिरीच्या पाण्याची चव बेल्जियममधल्या स्पा या गावच्या झऱ्यांसारखी लागली. त्या शतकाच्या अखेरीस टिमोथी ब्राइट या वैद्याने या जागेला ‘इंग्लिश स्पा’ म्हटले आणि रोगी येऊ लागले. लोहयुक्त पाण्यापाठोपाठ गंधकाच्या पाण्याचाही बोलबाला झाला. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तरी लोक सकाळी उपाशीपोटी पेलेच्या पेले रिचवत. दोन पेल्यांच्या मध्ये चालायचे, हा उपचाराचाच भाग होता. म्हणजे उघड्यावर फिरणे ही इथे पहिल्यापासून औषधाचीच अर्धी मात्रा होती.

पुढच्या गोष्टीत 1770 हे साल मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्या काळी इंग्लंडभर सामायिक गायराने कुंपणे घालून खासगी मालकीत वाटली जात होती. हॅरोगेटच्या भोवतीचे नेअर्झबरो फॉरेस्टही त्या वाटणीत आले. पण कुंपणे पडली तर रोग्यांना झऱ्यांपर्यंत जाता येणार नाही आणि गावाचे पोटच बुडेल, हे ओळखून कायद्यात तरतूद झाली. 1778 च्या निवाड्याने 200 एकर जमीन सर्वांसाठी कायमची मोकळी ठेवली. पाणी प्यायला येणाऱ्या कोणालाही तिथे अडवायचे नाही, असा दंडक घातला. ‘द स्ट्रे’ नावाचे ते हिरवे मैदान आजही गावाला दक्षिणेकडून कवटाळून आहे. पाण्यापर्यंत पोचण्याचा लोकांचा हक्क इतक्या स्पष्टपणे राखल्याची उदाहरणे त्या काळात फार थोडी असतील.

तळ्याकाठच्या सहलीसुद्धा तेव्हापासूनच्याच. गावाच्या आग्नेयेला प्लम्प्टन रॉक्स हे ठिकाण आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर डॅनियल लॅसेल्स यांनी तिथे बांध घालून, वाळूच्या दगडाच्या वेड्यावाकड्या सुळक्यांच्या पायथ्याशी एक छोटे तळे तयार करवले. हे तळे केवळ डोळ्यांना सुख देण्यासाठी होते. हॅरोगेटला आलेले पाहुणे तिथे घोडागाडीने जात, दुपार काढून परत येत. चित्रकार टर्नर यांनी 1797 च्या सुमारास, विशीत असताना, हॅरवुडच्या लॅसेल्स घराण्यासाठी याच जागेची तैलचित्रे काढली.

वॉशबर्नच्या तळ्यांमागचे कारण मात्र सौंदर्याचे नव्हते. ते लीड्स शहरातल्या पटकीचे होते. गिरण्यांनी फुगलेल्या लीड्समध्ये 1832 च्या साथीत सुमारे 700 माणसे मेली आणि 1849 च्या साथीत 2,000 हून अधिक. नदीचे पाणी गटारासारखे झाले होते. शहराने दूरच्या स्वच्छ खोऱ्याचा शोध घेतला. 1867 मध्ये संसदेचा कायदा झाला आणि लीड्सला वॉशबर्न अडवण्याची परवानगी मिळाली. लिंडली वुड, स्विन्स्टी आणि फ्यूस्टन ही तिन्ही धरणे 1870 च्या दशकात उभी राहिली. तिन्ही मातीची. खालच्या अंगाच्या गिरण्यांसाठी नदीत ठरावीक पाणी सोडत राहणेही बंधनकारक होते. फ्यूस्टनला याची किंमत मोजावी लागली. जलाशय भरल्यावर काठच्या उतारावरची जमीन सरकू लागली, घरांना तडे गेले आणि जुन्या गावातली बरीच घरे पाडावी लागली.

अशा रीतीने जेमतेम एका शतकात एकाच परिसरात पाण्याविषयीचे दोन उलटे कायदे लागू झाले. हॅरोगेटमध्ये पाण्याभोवतीची जमीन लोकांसाठी खुली ठेवली, कारण तिथले पाणी जिथल्या तिथे प्यायचे होते. वॉशबर्नमध्ये पाण्याभोवती कुंपण पडले, कारण ते कोसो दूरच्या नळांतून यायचे होते. त्यामागची भीती खोटी नव्हती. तेव्हा पाणी फार तर वाळूतून गाळत, निर्जंतुक करत नसत. 1897 मध्ये केंट परगण्यातल्या मेडस्टोन शहरात दूषित झऱ्यामुळे विषमज्वराची साथ आली, हजाराहून अधिक लोक आजारी पडले आणि शंभरावर दगावले. पाणलोटात वावरणारा एखादा रोगी अख्ख्या शहराला आजारी पाडू शकतो, हे पाणीपुरवठा पाहणाऱ्या प्रत्येक अभियंत्याच्या मनावर कोरले गेले. मग पाणलोटातली शेते, घरे विकत घ्यायची, वस्ती कमी करायची, काठाला सूचिपर्णी झाडे लावायची आणि पहारा ठेवायचा ही रीतच पडली. आज वॉशबर्नच्या काठी जी दाट झाडी लोकांना भुरळ घालते, तिच्यातली बरीचशी त्या बंदोबस्ताच्या काळातली आहे.

हळूहळू भीतीचे कारण ओसरले. 1905 मध्ये लिंकन शहरात विषमज्वराची साथ आली तेव्हा पाण्यात सतत क्लोरीन सोडण्याचा प्रयोग झाला. पुढच्या काही दशकांत तो सर्रास झाला. धोरण मात्र मागेच राहिले. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात उत्तर इंग्लंडच्या गिरणी कामगारांना रविवारी मोकळ्या हवेत चालायचे वेड लागले. माळरानांवर त्यांना अडवताना जमीनदार शिकारीचे कारण देत आणि नगरपालिका पिण्याच्या पाण्याचे. 1932 च्या एप्रिलमध्ये पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातल्या किंडर स्काउट पठारावर शेकडो जण जाणूनबुजून घुसले आणि काहींना तुरुंगवास झाला. ती जागा हॅरोगेटपासून दूर, पण वाद तोच. 1948 मध्ये आरोग्य मंत्रालयाने नेमलेल्या समितीनेच सांगितले की पाण्यावर नीट प्रक्रिया होत असेल तर पाणलोटात लोकांना सरसकट मज्जाव करायची गरज नाही.

त्यानंतरही कायदा बदलायला वीस वर्षे लागली. 1968 च्या ग्रामीण भाग कायद्याने पाणीपुरवठा करणाऱ्यांना आपल्या जलाशयांवर मासेमारी आणि नौकानयनाला परवानगी देण्याचा अधिकार मिळाला. 1973 च्या जल कायद्याने एक पाऊल पुढे टाकले. पाणी आणि भोवतालची जमीन लोकांच्या करमणुकीसाठी उपयोगात आणणे हे नव्या जल प्राधिकरणांचे कर्तव्यच ठरले. 1989 मध्ये ही प्राधिकरणे खासगी कंपन्यांच्या हाती गेली, तरी ते कर्तव्य कायद्यात टिकले. वाहनतळ, काठाची पायवाट, मासेमारीचे परवाने या सगळ्या सोयींच्या मुळाशी ही कलमे आहेत. कोणाच्या उदारपणावर ते सोडलेले नाही, हे मला मोलाचे वाटते.

योगायोग असा की याच वर्षांत हॅरोगेटचे औषधी पाणी मागे पडत होते. जिथे गंधकाचे पाणी पाजत त्या रॉयल पंप रूमचे 1953 मध्ये संग्रहालय झाले आणि 1969 मध्ये रॉयल बाथ्समधले उपचार थांबले. पाहुण्यांची ओढ पेल्याकडून पायवाटेकडे वळली. वॉशबर्नचे खोरे ज्यात येते त्या निडरडेलला 1994 मध्ये विशेष निसर्गसौंदर्याचे क्षेत्र म्हणून दर्जा मिळाला.

चौथा जलाशय थ्रसक्रॉस 1966 चा. त्याच्या पोटात वेस्ट एंड नावाचे गाव गेले. एकेकाळी तिथे जवसाच्या धाग्याच्या गिरण्या चालत. त्या बंद पडल्यावर गाव आधीच ओसाड होत आले होते. पाणी भरण्यापूर्वी चर्च पाडले आणि दफनभूमीतले अवशेष काढून दुसरीकडे पुरले. कोरड्या उन्हाळ्यात पातळी खाली गेली की गिरणीच्या भिंती वर येतात आणि त्या पाहायला गर्दी लोटते. यॉर्कशायरभर हेलपाट्या घालत टँकरने पाणी वाहावे लागले तो 1995 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना त्या भिंती दिसणे म्हणजे काय हे ठाऊक आहे. थ्रसक्रॉसमधून ठरलेल्या दिवशी पाण्याचा मोठा विसर्ग करतात तेव्हा फ्यूस्टनपर्यंतची नदी फेसाळते आणि कयाक चालवणारे लांबून येतात.

पोहण्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. 2000 च्या कायद्याने माळरानांवर चालण्याचा हक्क दिला, पण तो हक्क बजावताना नदी-तळ्यांत आंघोळ करणे त्यातून स्पष्टपणे वगळले. जलाशयात उतरायला पाणी कंपनीची मनाई आहे. तिची कारणे खरी आहेत. ऐन उन्हाळ्यातही वरच्या कोमट थराखाली पाणी बर्फगार असते, काठ एकदम खोल जातात आणि पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपांच्या मनोऱ्याजवळची ओढ वरून दिसत नाही. पोहणाऱ्यांचे म्हणणेही पोकळ नाही. हेच पाणी होड्यांना आणि गळांना चालते, मग नेमून दिलेल्या जागी, देखरेखीखाली माणसाला का नाही, असे ते विचारतात. मला त्यांचे म्हणणे पटते, पण मनोऱ्यापासून दूर, उथळ आणि राखलेल्या जागेपुरतेच.