डाउनलोड खराब झालं की काय? नेट नसलेल्या संगणकावर प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वी

ग्राहकांसाठी माहितीपत्रक, कोल्हापूर

इन्स्टॉलर, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारी फाइल, उघडत नाही म्हणून तीच फाइल पुन्हापुन्हा उतरवू नका. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडं पावसाळ्यात नेट धड टिकत नाही. तिथं एकेक जीबी मोलाचा असतो. फाइल पूर्ण आहे का, हे आधी दोन मिनिटांत तपासता येतं.

आकार बघा

फाइलवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. 'साइज'समोर बाइट्सचा आकडा असतो, तो संकेतस्थळावर दिलेल्या आकाराशी ताडा. 'साइज ऑन डिस्क' नको. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचा ६४ बिटचा पूर्ण इन्स्टॉलर साधारण २५ ते ३० एमबीचा असतो. तुमच्याकडं काही केबीच उतरले असतील, तर बहुधा वायफायचं लॉगिन पान इन्स्टॉलरच्या नावानं सेव्ह झालंय. नोटपॅडमध्ये उघडा. खरी ईएक्सई फाइल 'एमझेड' या अक्षरांनी आणि झिप फाइल 'पीके'नं सुरू होते. वेबपान असेल तर पहिल्याच ओळींत 'एचटीएमएल' दिसेल. नावाच्या शेवटी 'सीआरडाउनलोड' किंवा 'पार्ट' असेल तर डाउनलोड अर्धवट आहे. नाव बदलून ते पूर्ण होत नाही. ब्राउझरच्या डाउनलोड यादीतून 'रिझ्यूम' करून बघा.

आकार बरोबर, तरी चालत नाही

मग हॅश जुळवा. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण. फाइलमधला एक बिट जरी बदलला, तरी एसएचए-२५६ हा ६४ अक्षरांचा हॅश पार बदलतो. झिप फाइली उघडणारं सेव्हन-झिप बसवलेलं असेल तर उजवी क्लिक, 'सीआरसी एसएचए', 'एसएचए-२५६'. विंडोज ११ मध्ये हा पर्याय दिसला नाही तर आधी 'शो मोअर ऑप्शन्स' दाबा. आलेला हॅश सॉफ्टवेअरच्या मूळ संकेतस्थळावरच्या हॅशशी ताडा. फाइल नुसती बिघडली असेल तर पहिली आणि शेवटची आठ अक्षरं पाहिली तरी कळतं. कुणी मुद्दाम फेरफार केल्याची शंका असेल तर सगळी ६४ जुळवा. हॅश कुठं दिलेलाच नसेल तर प्रॉपर्टीजमधल्या 'डिजिटल सिग्नेचर्स'मध्ये सही वैध आहे का आणि कुणाची आहे, ते बघा.

आमचा आग्रह असा, की हॅश तीनदा काढा: नेटच्या संगणकावर, पेनड्राइव्हवर आणि जिथं सॉफ्टवेअर बसवायचं त्या संगणकावर. जिथं तो बदलेल तिथंच दोष आहे. पेनड्राइव्हवर कॉपी केल्यावर 'इजेक्ट' करून काढा, पुन्हा लावा, मगच हॅश काढा. नाहीतर विंडोज मेमरीत राहिलेलीच प्रत वाचतं आणि खराब पेनड्राइव्हही पास होतो. एकाच फाइलचा हॅश दर वेळी वेगळा येत असेल तर रॅम तपासून घ्या. पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या फॉरमॅटचा असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर बसत नाही. आतला डेटा दुसरीकडं काढून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

नेट नसलेल्या संगणकासाठी

शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत मशीनचा संगणक नेटपासून मुद्दाम लांब ठेवलेला असतो. तिथं नेहमी फसतो तो 'वेब इन्स्टॉलर'. ही छोटी फाइल असते. बाकीचं सॉफ्टवेअर ती नेटवरूनच ओढते. फाइलमध्ये बिघाड काहीच नसतो, पण ऑफलाइन ती निरुपयोगी. 'ऑफलाइन' किंवा 'फुल' इन्स्टॉलरच घ्या.

पायथॉनची पॅकेजेस, म्हणजे तयार जोडण्या, न्यायची असतील तर पिप या त्या उतरवणाऱ्या साधनाची 'पिप इन्स्टॉल'ऐवजी 'पिप डाउनलोड' ही आज्ञा वापरा. पांडाज हे पॅकेज मागितलं की नमपाय वगैरे जी जी दुसरी पॅकेजेस त्याला लागतात तीही त्याच फोल्डरमध्ये येतात. फक्त दोन्हीकडं पायथॉनची आवृत्ती आणि बिट (३२ की ६४) सारखे हवेत. फाइलच्या नावात 'सीपी३११' असेल तर ती बहुधा ३.११ साठीच. नावातलं 'एएमडी६४' वाचून इंटेलवाल्यांनी थांबू नये. ते इंटेल आणि एएमडी या दोन्ही प्रोसेसरांवरच्या ६४ बिट विंडोजसाठी आहे. बसवताना 'नो-इंडेक्स' आणि 'फाइंड-लिंक्स' हे दोन्ही पर्याय द्यावे लागतात, नाहीतर पिप नेट शोधत बसतं. जशाच्या तशा कॉपी करता येतील अशा आज्ञा आमच्या दुकानाच्या पेनड्राइव्हवरच्या टेक्स्ट फाइलमध्ये आहेत.

व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरची एक्स्टेन्शन्स (जादा सोयी) उतरवलेल्या व्हीएसआयएक्स फाइलवरून 'इन्स्टॉल फ्रॉम व्हीएसआयएक्स'नं बसतात. मात्र सी ही भाषा शिकणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: व्हीएस कोड हा एडिटर आहे, लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर वेगळा न्यावा लागतो.

फाइलचा दोष नसतो तेव्हा

विंडोज ७ वर पायथॉन ३.९ किंवा पुढचं बसत नाही, ३.८ वापरा. ३२ बिट विंडोजवर ६४ बिटचा इन्स्टॉलर चालत नाही. जुन्या संगणकाची तारीख मागं गेली असेल तर ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळंही नाकारतो. तारीख नीट करा, आणि बंद केल्यावर ती पुन्हा मागं जात असेल तर मदरबोर्डवरचा सेल बदला. बहुतेक संगणकांत तो सीआर२०३२, ३ व्होल्टचा असतो.

दुकानात येताना एररचा पूर्ण फोटो, विंडोजची आवृत्ती, बिट आणि तोच पेनड्राइव्ह आणा. त्यावरची फाइल पुसू नका, ती खराब असली तरी.