पवित्र कुटुंब आणि पक्षी

स्पॅनिश बरोक (सतराव्या शतकातली नाट्यमय शैली) चित्रकार बार्तोलोमे एस्तेबान मूरील्यो (१६१७–८२) याचे भक्तिपर तैलचित्र. स्पॅनिश नाव ‘ला साग्रादा फामिलिया देल पाहारितो’, म्हणजे ‘चिमुकल्या पक्ष्याचे पवित्र कुटुंब’. कॅनव्हासवर तैलरंग, १४४ × १८८ सेंमी.; काळ सु. १६५०. सध्या माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात.

चित्रातला प्रसंग साधा आहे. मरियेचा पती योसेफ बसला आहे आणि त्याच्या गुडघ्यांशी टेकून बाळ येशू उभा आहे. मुठीतला पक्षी हात उंचावून तो समोर बसलेल्या पांढऱ्या कुत्र्याला दाखवतो आहे. कुत्र्याने एक पंजा उचलला आहे. डावीकडे, काहीशी मागे आणि अर्धवट सावलीत, येशूची आई मरिया सूत गुंडाळताना हात थांबवून हा खेळ पाहते आहे. तिच्याजवळ कपड्यांची टोपली, तर योसेफामागे सुतारकामाचा बाक. तेजोवलय नाही, देवदूत नाहीत. नाव ठाऊक नसलेल्या पाहणाऱ्याला हे मूरील्योच्या सेव्हिल शहरातल्या एखाद्या सुताराचे घर वाटेल.

बायबलमध्ये असा प्रसंग नाही. येशूच्या बालपणाविषयी शुभवर्तमाने (बायबलमधील येशूचरित्रे) फारच थोडे सांगतात. त्यामुळे चित्राची कल्पना कोठून आली, यावर बरीच चर्चा झाली आहे. सर्वांत जवळचे साम्य इटालियन चित्रकार फेदेरीको बारोच्ची याच्या ‘मांजरासह मॅडोना’ (मॅडोना म्हणजे मरिया) या चित्राशी (सु. १५७५, नॅशनल गॅलरी, लंडन) आढळते. तेथे बाल योहान (पुढे येशूला बाप्तिस्मा देणारा) पक्षी उंच धरून मांजराला खिजवतो. या चित्रावरून कोरीवकार कॉर्नेलिस कॉर्ट याने १५७७ मध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापचित्र केले होते. अशा छापांचा सेव्हिलच्या चित्रशाळांत सर्रास वापर होत असे, म्हणून मूळ चित्र न पाहताही मूरील्योला ही कल्पना मिळणे शक्य होते. दुसऱ्या मताप्रमाणे हा प्रसंग त्याने रोजच्या जगण्यातून उचलला. रस्त्यावरच्या मुलांची त्याची प्रसिद्ध चित्रे त्याला दुजोरा देतात. दोन्ही मते एकमेकांना छेद देतातच असे नाही, तरी पक्षी, प्राणी आणि खिजवणारे मूल हा जोड पाहता छापाची बाजू अधिक भक्कम वाटते.

पक्ष्याच्या अर्थाविषयीही असाच वाद आहे. यूरोपीय भक्तिचित्रांत बाळ येशूच्या हाती बहुधा गोल्डफिंच हा लाल तोंडाचा छोटा गाणारा पक्षी असतो. येशूच्या काटेरी मुकुटातला काटा उपटताना रक्ताचा थेंब उडून या पक्ष्याचे तोंड लाल झाले, अशी आख्यायिका आहे. म्हणून तो क्रूसावरील यातनांचे पूर्वचिन्ह ठरला. इटालियन चित्रकार राफाएलच्या ‘गोल्डफिंचसह मॅडोना’ (सु. १५०५–०६) या चित्रात हाच पक्षी येतो. मूरील्योच्या चित्राचे रूढ नाव मात्र नुसता ‘पक्षी’ म्हणते. प्रतीक जाणणाऱ्याला ते दिसावे आणि न जाणणाऱ्याचे काही अडू नये, इतपतच योजना असावी. कुत्र्याला निष्ठेचे प्रतीक ठरवणारे स्पष्टीकरण सरधोपट आहे.

नावामुळे लक्ष पक्ष्याकडे जाते. चित्रातले खरे नावीन्य मात्र योसेफ आहे. मध्ययुगीन चित्रांत तो बहुधा कोपऱ्यात डुलक्या घेणारा म्हातारा असे. पंधराव्या शतकात फ्रेंच धर्मपंडित झां झेर्सों याने तो कर्ता आणि तरुण असला पाहिजे, असे मांडले. कुटुंब पोसायचे, बाळाला घेऊन मिसर देशात पळायचे, ही कामे जख्ख म्हाताऱ्याला कशी झेपतील? स्पॅनिश जोगीण आव्हिलाची संत तेरेसा हिने १५६२ मध्ये स्थापलेला आपला पहिला सुधारित मठ योसेफाच्याच नावे केला. १६२१ मध्ये पंधरावा ग्रेगरी या पोपने योसेफाचा सण चर्चभर बंधनकारक केला. सेव्हिलमध्ये इन्क्विझिशनसाठी (पाखंडाची चौकशी करणारे धार्मिक न्यायालय) धार्मिक चित्रांवर देखरेख करणाऱ्या फ्रान्सिस्को पाचेकोचा चित्रकलेवरील ग्रंथ १६४९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. त्यातही योसेफ तिशीच्या थोडा पुढचा दाखवावा, असा आग्रह आहे. मूरील्योचा काळ्या दाढीचा योसेफ या सूचनेत चपखल बसतो. मूरील्योने मरियेला मागे सारून बापलेकांवर प्रकाश टाकला, हे त्या काळाच्या मानानेही धाडसाचे होते. ‘पवित्र कुटुंबा’चा सण चर्चभर लागू झाला तो पुढे १९२१ मध्ये, मराठी कॅथलिक धर्मग्रामांतही तो नाताळानंतरच्या रविवारी येतो.

काळ शैलीवरून ठरवला जातो. डावीकडून पडणारा तीव्र प्रकाश, गडद पार्श्वभूमी, तपकिरी-राखाडी रंगपट आणि कापडाचा, लाकडाचा खरखरीत स्पर्श या बाबतींत हे चित्र थुरबारान व रीबेरा या स्पॅनिश चित्रकारांच्या वळणाचे आहे. सेव्हिलच्या फ्रान्सिस्कन मठासाठी मूरील्योने १६४५–४८ मध्ये केलेल्या चित्रमालिकेशीही ते जुळते. त्याच्या उत्तरायुष्यातली धुकट, मऊ रंगलेपनाची पद्धत येथे नाही. म्हणून ते १६५० च्या आसपासचे, कदाचित थोडे आधीचे, मानणे योग्य. १६४९ च्या प्लेगने सेव्हिलची जवळपास निम्मी वस्ती नेली. त्या दुःखावर फुंकर म्हणून हे चित्र झाले, असे म्हणण्याचा मोह होतो, पण इतक्या सैल कालनिर्णयावर तो अर्थ उभा राहत नाही.

अठराव्या शतकाच्या मध्यास हे चित्र स्पेनची राणी इसाबेल फार्नेसे हिच्या संग्रहात, सेगोव्हियाजवळील ला ग्रांखा राजवाड्यात होते. मूरील्योची अनेक चित्रे राजसंग्रहात आणण्याचे श्रेय तिचेच. नेपोलियनच्या काळात ते पॅरिसला नेले गेले व नंतर स्पेनला परत आले. प्रादोच्या सूचीत त्याचा क्रमांक ९६० आहे.