लॅमिनेट फ्लोअरिंगला फट पडली? पुट्टी भरायची घाई नको

होळीच्या सुमारास आम्हाला ठरलेला फोन येतो: “फळ्यांमध्ये फट दिसायला लागलीय, माल खराब दिलात का?” बहुतेक वेळा माल ठीक असतो. लॅमिनेटच्या पोटात दाबून घट्ट केलेले लाकडाचे तंतू असतात. पावसाळ्यात ते हवेतला ओलावा पिऊन फुगतात, कोरड्या दिवसांत किंवा सतत एसी चालू असला की आखडतात. म्हणून तर फळ्या खाली चिकटवत नाहीत. त्या फोमवर मोकळ्या असतात आणि भिंतीलगत 8 ते 10 मिमी जागा स्कर्टिंगखाली सोडलेली असते. नखही शिरत नाही एवढी बारीक फट असेल, तर एक पावसाळा जाऊ द्या.

फट मोठी असेल आणि फळीच्या आखूड बाजूला, म्हणजे टोकाला असेल, तर काम घरीच होतं. आधी फटीतला कचरा व्हॅक्यूमने किंवा जुन्या टूथब्रशने पूर्ण काढा. खडा राहिला तर सांधा मिटत नाही आणि आपण उगाच ठोकत बसतो. मग काच उचलायचा सक्शन कप फळीवर घट्ट बसवा. तो नसेल तर लाकडी ठोकळा डबल टेपने चिकटवा. ठोकळ्याला रबरी हातोड्याने फटीच्या दिशेने हलके टोले द्या. फळीवर थेट मारलंत तर कड उडेल. ही फट मिटली की फळीच्या मागे दुसरी उघडेल. घाबरू नका, ओळीतली पुढची फळीही तशीच सरकवा. अशी फट सरकत सरकत स्कर्टिंगखाली जाते.

तोच सांधा पुन्हा उघडत असेल, तर मिटवण्यापूर्वी वॉटरप्रूफ फेव्हिकॉलचं अगदी पातळ बोट फिरवा आणि वर आलेलं लगेच पुसा. गोंद तेवढ्याच सांध्यात. फोमपर्यंत ओघळू देऊ नका.

पुट्टी किंवा एम-सील मात्र नकोच. पावसाळ्यात फळी फुगली की ते वर ढकललं जातं, नाहीतर कडा उचलतं.

लांब बाजूला फट असेल, तर फळ्या एकमेकींत अडकवणारा कडेचा लॉक तुटलेला असू शकतो किंवा खालची जमीन उंचसखल असेल. कधी जड कपाटाखाली फळ्या अडकतात. इथे आम्हाला बोलवा. पाण्याने फुगलेली कड पुन्हा बसत नाही, फळीच बदलावी लागते. तेव्हा फडका घट्ट पिळूनच पुसा.

आणि फ्लोअरिंग बसवताना उरलेल्या दोन-चार फळ्या माळ्यावर आडव्या ठेवा. तोच रंग पुढे मिळेलच असं नाही.