पुंगळीवरच्या खुणा आणि नळीतला दाब

कोल्हापुरात रायफल हा विषय आता फक्त क्लबातल्या चार जणांचा राहिलेला नाही. 2010 मध्ये तेजस्विनी सावंत म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून झाडायच्या प्रकारात, जगज्जेती झाली. 2024 मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्य आणलं. तेव्हापासून एक प्रश्न हमखास येतो: हे नेमबाज काडतुसं स्वतः भरतात का?

नाही. 50 मीटरला .22 रिमफायर काडतूस लागतं. त्यात पेट घेणारं रसायन पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या, कडेतच भरलेलं असतं आणि फायरिंग पिन ती कड चेचते. चेचलेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही. म्हणून हे खेळाडू कारखान्यातून आलेले वेगवेगळे लॉट आपल्या रायफलवर तपासतात आणि जुळेल तो लॉट घेतात. हातानं भरण्याचा, म्हणजे हँडलोडिंगचा, प्रकार सेंटरफायर काडतुसांचा. त्यात प्रायमर, म्हणजे पेट घेणाऱ्या रसायनाची छोटी वाटी, बुडाच्या मधोमध वेगळा बसवलेला असतो आणि तो काढून नवा बसवता येतो. 300 मीटर आणि त्यापुढच्या अंतरांवर परदेशातले अनेक नेमबाज याच मार्गानं अचूकता मिळवतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, त्यामुळे घरच्या टेबलावर करायचा हा उद्योग नव्हे. पण त्यातलं धातुशास्त्र कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभ्या असलेल्या माणसाला लगेच पटेल असं आहे.

.308 विंचेस्टर या सेंटरफायर काडतुसासाठी अमेरिकेतल्या उद्योगमानकानं ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा 62,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. म्हणजे हवेच्या दाबाच्या चार हजार पटींहून जास्त. हा दाब एका मिलिसेकंदाच्याही आत शिखर गाठतो आणि तेवढ्या वेळात बोल्टच्या, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या, तोंडावर सुमारे तीन टनांचा रेटा येतो. दारू थोडी जास्त झाली की दाब थोडाच वाढेल, हा हिशेब इथे चालत नाही. धूरविरहित दारू दाब वाढेल तशी जास्त वेगानं जळते, आणि जास्त वेगानं जळली की दाब आणखी वाढतो. मर्यादेच्या जवळ हे चक्र फार तीव्र होतं. एवढा दाब मोजायला घरात काहीच नसतं. मग माणूस झाडलेली पुंगळी उचलून उजेडात धरतो.

पुंगळी पितळेची, साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. बार उडाला की ती फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेच्या, भिंतीला चिकटते आणि गॅस मागे येऊ देत नाही. त्याच वेळी चेंबरचं पोलादसुद्धा किंचित फुगतं. दाब उतरला की दोघंही आक्रसतात. पोलाद पूर्णपणे मूळ मापावर येतं. पितळ मात्र आधीच थोडं कायमचं ताणलं गेलेलं असतं; त्याला स्वतःच्या लवचिकतेएवढंच मागे येता येतं आणि त्या लवचिकतेला ठरावीक हद्द आहे. दाब वाढवत गेलं तर पोलादाचं फुगणं आणि परत येणं वाढत जातं, पितळेचं परत येणं मात्र तेवढंच राहतं. एका टप्प्यावर परत आलेलं पोलाद परत न आलेल्या पितळेला आवळून धरतं. बोल्ट उचलताना हाताला जो अडसर लागतो तो हा. मला सगळ्या खुणांमध्ये ही खूण सर्वांत बोलकी वाटते, कारण तिच्यामागचं यंत्रशास्त्र सरळ आहे. पण ती दिसेपर्यंत दाब बहुतेक वेळा मर्यादा ओलांडून पुढे गेलेला असतो. पुंगळी वाचणं म्हणजे घटना घडल्यानंतरचा पंचनामा आहे.

दुसरी भरवशाची खूण प्रायमरच्या खोबणीची. त्याच पुंगळीत नवा प्रायमर बसवताना तो जोर न लावता आत गेला, तर बुडाचं पितळ कायमचं पसरलं असं समजायचं. बूड हा पुंगळीचा सर्वांत जाड आणि कठीण भाग. तो हलला म्हणजे गंभीर गोष्ट आहे. एजेक्टरची, म्हणजे झाडलेली पुंगळी बाहेर फेकणाऱ्या बोल्टमधल्या खिळीची, खूणही त्याच घराण्यातली: बुडावर एक चकचकीत गोल किंवा अर्धगोल ठसा उमटतो, कारण पितळ एजेक्टरच्या भोकात दाबलं गेलेलं असतं.

इथे हुपरीच्या चांदी कारागिराची आठवण होते. चांदी ठोकत गेलं की कडक होते, तापवली की पुन्हा मऊ होते, हे त्याला शिकवावं लागत नाही. पितळेचंही तसंच. पुनःपुन्हा वापरात कडक होऊन मान तडकू नये म्हणून काही लोक पुंगळीची मान, म्हणजे गोळी धरणारं अरुंद तोंड, तापवून मऊ करतात. पण आच बुडापर्यंत गेली तर बूड मऊ पडतं. मग नेहमीच्या दाबालाही ते पसरतं आणि पुंगळी फुटून गॅस नेमबाजाच्या तोंडावर येण्याचा धोका तयार होतो. अशा पुंगळ्या थेट भंगारात टाकायच्या.

आता सर्वांत जास्त बोलली जाणारी आणि माझ्या मते सर्वांत जास्त फसवणारी खूण: चपटा प्रायमर. प्रायमरच्या गोल कडा सपाट होऊन खोबणीच्या काठाला भिडल्या की लोक लगेच “दाब जास्त” म्हणतात. पण एका कंपनीच्या प्रायमरचा कप मऊ असतो, दुसरीचा कठीण. शिवाय चेंबरात पुंगळीला मागेपुढे सरकायला जागा जास्त असली, तर प्रायमर आधी बाहेर सरकतो आणि नंतर मागे आलेली पुंगळी त्याच्यावर बसून त्याला चपटं करते. हे कमी दाबालाही घडतं. पिनच्या खड्ड्याभोवती उठलेल्या कड्याचंही तेच: पिनचं भोक ढिलं असेल तर सौम्य काडतूसही असं कडं दाखवतं. पिननं भोक पडलेला, गळका प्रायमर मात्र हसण्यावारी न्यायचा नाही. दाब असो वा पिनचा दोष, थांबायचंच.

पावसाळ्यात राधानगरीकडे जो पाऊस पडतो, तसा पाऊस अंगावर घेत नेमबाजी केली तर आणखी एक घोटाळा होतो. चेंबर किंवा पुंगळी ओली, तेलकट असेल तर पितळेला भिंत धरता येत नाही. सगळा रेटा मागे बोल्टवर जातो. मग बोल्ट जड लागतो, एजेक्टरचा ठसा दिसतो, आणि दारूचं माप मात्र कालचंच असतं. उलट उन्हाळ्यात तापलेल्या गाडीत राहिलेली काडतुसं किंवा गरम चेंबरात थांबलेलं काडतूस खराच दाब वाढवतं, कारण बऱ्याच दारू गरम झाल्यावर लवकर जळतात. जानेवारीच्या सकाळी बरं वाटलेलं माप मे महिन्याच्या दुपारी बरं असेलच असं नाही.

माप न बदलता दाब वाढवणारी कारणं आणखी आहेत. गोळी नळीतल्या आट्यांना, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या पिळदार खाचांना, टेकून बसवलेली असणं. मान लांबून चेंबरच्या टोकाला दबणं. पुंगळ्यांचा नवा लॉट जाड भिंतीचा असणं, म्हणजे आत जागा कमी. चेंबरच्या गळ्यात काजळीचं कडं साचणं. यातलं काहीही बदललं की जुन्या मापाचा भरवसा संपतो आणि खालपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

दाब मोजायला तांब्याच्या छोट्या दंडगोलावर तो टाकून दंडगोल किती चेपला ते बघायची पद्धत एकोणिसाव्या शतकातली. पण मिलिसेकंदाच्या झटक्यात तांबंही पुरतं चेपत नाही. .308 विंचेस्टरची मर्यादा तांब्याच्या पद्धतीत 52,000 आकड्यावर येते, तर त्याच काडतुसाची पिझोइलेक्ट्रिक सेन्सरनं, म्हणजे दाबाचं थेट विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या उपकरणानं, मोजलेली मर्यादा 62,000 आहे. खास बनवलेलं मोजणीयंत्रही धातूच्या भरवशावर एवढं कमी दाखवत असेल, तर बाजारातल्या पुंगळीकडून किती अपेक्षा ठेवायची?

म्हणून मी प्रायमरपेक्षा क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, विश्वास ठेवीन. गोळीचा वेग हा दाबाचाच परिणाम आहे. त्याच गोळीला, त्याच दारूला आणि तेवढ्याच लांबीच्या नळीला छापील पुस्तकात जो कमाल वेग दिलाय, तो आपल्याकडे पुस्तकातल्या कमाल मापाच्या आधीच येत असेल, तर कमाल दाब आलेला आहे. प्रायमर कितीही गोलमटोल दिसू दे. वेग पुस्तकापेक्षा जास्त निघाला तर “माझी नळी फास्ट आहे” असं म्हणून स्वतःची समजूत काढणारे भेटतात. नळ्या थोड्या फास्ट असतातही, पण जास्तीचा वेग फुकट मिळत नाही.

बोल्ट जड लागला, ठसा दिसला किंवा वेगानं उडी मारली, तर त्या मापाची उरलेली काडतुसं झाडून संपवायची नाहीत. ती घरी आणून गोळ्या ओढून काढायच्या, दारू बाजूला करायची. ओल, तेल, तापमान, पुंगळीची लांबी एकेक करून तपासायचं. कारण सापडलं नाही तर माप बरंच खाली आणून नव्यानं चढायचं, आणि दर पायरीला वेगाची नोंद वहीत लिहायची.