ट्रिगर हलका म्हणजे नेम पक्का?

सांगलीत एअर रायफल शिकायला येणारी पोरं पहिल्या आठवड्यातच विचारतात, "सर, ट्रिगर अजून हलका करून द्या ना." जितका हलका तितका नेम अचूक, हा समज कुणी पसरवला देव जाणे, पण तो जात नाही.

नियमाचा आधारही दिला जातो. १० मीटर एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत ट्रिगरचं वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा दाब, किमान ५०० ग्रॅम असावं असं बंधन आहे, एअर रायफलला ते नाही. पण बंधन नाही म्हणजे शून्याकडे जा, असं थोडंच आहे?

मॅच रायफलचा, म्हणजे स्पर्धेच्या रायफलचा, ट्रिगर सहसा दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट सैलपणा काढून घेतं, मग एक स्पष्ट अडथळा लागतो. तिथे थांबायचं, नेम स्थिरावला की दाब वाढवायचा. अतिहलक्या ट्रिगरवर नवख्याला तो अडथळा कळतच नाही आणि मन तयार व्हायच्या आत गोळी सुटते. डिसेंबरात सकाळी सातला, बोटं गारठलेली असताना, हे हमखास होतं. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. मग पोरगं सातवर लागलेल्या छर्‍याकडे बघत रायफलला दोष देतं.

नेम बिघडतो तो हिसक्याने. ट्रिगर जड असला की हिसका बसायची शक्यता वाढते, हे खरं. म्हणून सुरुवातीला अडथळा नीट जाणवेल इतकं वजन ठेवा, रिकाम्या रायफलवर सराव करा, मग थोडंथोडं उतरवा. कॉक केलेली (झाडायला तयार केलेली) रिकामी रायफल हलक्या धक्क्याने सुटली, तर सेटिंग धोकादायक आहे. ते लगेच बदलून घ्या.