सांडपाणी प्रक्रिया केंद्राची कार्यक्षमता

केंद्रात येणाऱ्या सांडपाण्यातील प्रदूषकांचा जो अंश प्रक्रियेत निघून जातो, त्याचे शेकडा प्रमाण. आवक पाण्यातील जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी (बीओडी; सेंद्रिय पदार्थ कुजवताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला २५० मिग्रॅ. आणि जावक पाण्यातील २५ मिग्रॅ. असल्यास कार्यक्षमता ९०% होते. निलंबित घन पदार्थ, रासायनिक ऑक्सिजन मागणी (सीओडी; पदार्थांच्या रासायनिक ऑक्सिडीभवनाला लागणारा ऑक्सिजन), नायट्रोजन व फॉस्फरस यांसाठी ती वेगवेगळी काढतात. नुसत्या शेकडेवारीवर विसंबता येत नाही. पावसाचे पाणी मिसळून सांडपाणी पातळ झाले, की जावक पाणी चांगले असूनही टक्केवारी घसरते. म्हणून जावक पाण्यातील प्रत्यक्ष प्रमाणही पाहतात.

बीओडी चाचणीचा पाच दिवसांचा कालावधी ब्रिटनच्या सांडपाणीविषयक रॉयल आयोगाच्या (स्थापना १८९८) कामातून रूढ झाला, असे सामान्यतः मानतात. आयोगाच्या १९१२ मधील आठव्या अहवालात बीओडी २० व निलंबित घन पदार्थ ३० मिग्रॅ./लि. ही मर्यादा सुचवली होती. मात्र ती नदीत किमान आठपट विरलन होईल या गृहीतावर होती, ही अट पुढे बरेचदा विसरली गेली. पाचच दिवस का, याबाबत एकवाक्यता नाही. ब्रिटिश नद्यांचे पाणी समुद्राला मिळायला याहून अधिक काळ लागत नाही, हे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. दुसऱ्या मतानुसार एवढ्या काळात घरगुती सांडपाण्यातील कार्बनी पदार्थांचे सु. ६० ते ७० टक्के ऑक्सिडीभवन होते आणि कच्च्या नमुन्यात नायट्रीकरण (जीवाणूंकरवी अमोनियाचे नायट्रेटात रूपांतर) सहसा सुरू झालेले नसते. चाचणी टिकून का राहिली, हे दुसऱ्या मताने अधिक पटते. तिच्या उगमाचा उलगडा मात्र त्याने होतोच असे नाही. भारतीय मानकात २७° से. तापमानाला तीन दिवसांची चाचणी आहे.

प्रक्रिया झालेल्या पाण्यात नायट्रीकारक जीवाणू आधीच मुबलक असतात. ते चाचणीच्या बाटलीतही अमोनियाचे ऑक्सिडीभवन करतात, त्यामुळे बीओडी फुगते आणि चांगले चालणारे केंद्र कागदावर निकृष्ट ठरते. हे टाळण्यासाठी नमुन्यात अ‍ॅलिलथायोयुरियासारखे रोधक घालतात. सीओडीची चाचणी काही तासांत होते, पण तीत जीवाणूंना न पचणारे पदार्थही मोजले जातात.

नमुना घेण्याची रीतही निकालावर परिणाम करते. प्रवाहाच्या प्रमाणात चोवीस तास गोळा केलेला मिश्र नमुना एकदाच भरलेल्या बाटलीहून विश्वसनीय ठरतो.

सक्रियित गाळ पद्धतीत (१९१४; हवा खेळवून जीवाणूयुक्त गाळाकरवी पाणी शुद्ध करण्याची रीत) गाळाचे वय (गाळ केंद्रात राहण्याचा सरासरी काळ), विरघळलेला ऑक्सिजन (सु. २ मिग्रॅ./लि.) व तापमान हे मुख्य घटक होत. नायट्रीकारक जीवाणू सावकाश वाढतात. त्यामुळे थंडीत गाळ लवकर काढून टाकल्यास अमोनिया तसाच बाहेर पडतो. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनाच्या ऑक्सिडीभवनाला सु. ७.१ ग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटाच्या परिमाणात) क्षारता (आम्ल शमवण्याची क्षमता) खर्च होते; ती अपुरी असल्यास सामू उतरून क्रिया मंदावते. तंतुमय जीवाणू माजले, की गाळ नीट बसत नाही. मग जैविक प्रक्रिया उत्तम होऊनही निवळण टाकीतून घन पदार्थ वाहून जातात. गाळ आकारमान निर्देशांक (अर्ध्या तासात खाली बसलेल्या गाळाचे दर ग्रॅममागील आकारमान) १५० मिलि./ग्रॅ.च्या वर जाणे हे त्याचे लक्षण समजतात.

ऊर्जेच्या दृष्टीने कार्यक्षमता दर घनमीटर पाण्यामागे किंवा काढलेल्या दर किलोग्रॅम बीओडीमागे लागणाऱ्या विजेत मोजतात. सक्रियित गाळ केंद्रांत बहुधा निम्मी किंवा अधिक वीज वायुमिश्रणालाच लागते. औषधांच्या अवशेषांची नोंद नेहमीच्या चाचण्यांत होत नाही.